एकट्याच्या नावाचं घंगाळ

ही गोष्ट १९९४ सालची आहे. साल पक्कं आठवतं, कारण आदल्या वर्षी मार्चमध्ये माझे यजमान श्यामकांत गेले आणि पुढचं दीड वर्ष मी कागदांवर तारखा घालण्यात काढलं. नोएडातला फ्लॅट त्यांच्या नावावर होता आणि ताबा मिळायचा बाकी होता. त्यासाठी मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला, मुलीचं ना-हरकत पत्र, माझं प्रतिज्ञापत्र, आणि पहिल्यावरचा शिक्का पुसट उठला म्हणून पुन्हा दुसरं प्रतिज्ञापत्र. कचेरीबाहेर झाडाखाली बसणारा नोटरी मला ओळखायला लागला होता. मी दिसले की तो आपणहून शाईचा पॅड उघडायचा.

ऑफिसातल्या लोकांना वाटायचं, बाई खंबीर आहे. खंबीर वगैरे मी नव्हते. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात, त्यानंतर गाल आपला वाटत नाही, तसं माझं सगळंच झालं होतं. भाजी चिरताना बोट कापलं तर रक्त दिसल्यावर कळायचं.

मी सरकारच्या एका हस्तकला कार्यालयात वरिष्ठ लिपिक होते. अठ्ठावीस वर्षं नोकरी झाली होती. आमच्या साहेबांचं नाव भाटिया. माणूस दिलखुलास, आवाज मोठा. माझं आडनाव आगाशे, ते 'आगाशी जी' म्हणायचे, आणि मी ते कधी सुधारलं नाही. त्या वर्षी त्यांच्या डोक्यात एका प्रदर्शनाचं खूळ शिरलं होतं. गुडगावला, तेव्हा गुडगावच म्हणत, एका परदेशी कंपनीनं काचेची सहा मजली इमारत बांधली होती. तिच्या तळमजल्यावरच्या मोठ्या हॉलमध्ये देशाचा इतिहास कारागिरांच्या वस्तूंमधून मांडायचा, असं ठरलं होतं. त्या वर्षीच्या पुरस्काराच्या वस्तूही तिथेच ठेवायच्या होत्या.

"आगाशी जी, राजे आए, राजे गए," भाटियासाहेब मजकूर सांगताना खुर्चीवरून उठून फेऱ्या मारायचे. "राजा की तलवार किसने बनाई? रानी की साड़ी किसने बुनी? उसका नाम किसी किताब में है? नहीं है! हम लिखेंगे."

मी लिहून घ्यायचे.

जुलैमध्ये पुण्याहून एक लाकडी खोकं आलं. गवताच्या पेंढ्यातून तांब्याचं घंगाळ निघालं. दोन्ही बाजूंना कड्या, रुंद तोंड, आणि बुडापासून काठापर्यंत हातोडीचे ठसे. प्रत्येक ठसा तुरीच्या डाळीएवढा. एकाशेजारी एक, एकाखाली एक, कुठे ओळ सुटलेली नाही, कुठे ठसा ठशावर चढलेला नाही. ह्याला मठारणं म्हणतात. ठोक्यांनी तांबं कडक होतं आणि भांडं पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. आमच्या माहेरी न्हाणीघरात असंच एक होतं. भाटियासाहेबांनी त्यावरून तळवा फिरवला, मग पुन्हा एकदा फिरवला.

घरी आल्यावर अर्पिताला सांगितलं. अर्पिता माझी मुलगी, तेव्हा बावीस वर्षांची, नुकतीच गुडगावच्या एका कंपनीत लागली होती.

"घंगाळ म्हणजे? बकेट?"

"बकेट नाही गं. अंघोळीचं पाणी विसणायचं भांडं."

"विसणायचं म्हणजे?"

"गरम पाण्यात गार घालून..."

"अच्छा, मिक्सिंग! मग बकेटच ना, यार आई."

मी सोडून दिलं.

अर्ज शांताराम कडू यांचा होता. वय अठ्ठावन्न, तांबट आळी, कसबा पेठ, पुणे. पुरस्काराआधी दिल्लीत येऊन पंधरा दिवस काम करायचं आणि समितीनं येऊन ते बघायचं, असा आमचा नियम होता. ऑफिसात मराठी जाणणारी मी एकटी, त्यामुळे फाईल माझ्याकडे आली आणि सप्टेंबरमध्ये माणूसही माझ्याकडेच आला. बरोबर त्याची बायको होती. सरकारी पास एकाचाच होता. तिचं तिकीट त्यांनी काढलं होतं.

शांतारामभाऊ उंच, किंचित वाकलेले, कानानं थोडे कमी. आयुष्यभर तांबं ठोकलेल्या माणसाचं तसं होतं. हौसाबाई बुटक्या, काळ्यासावळ्या, नऊवारीत. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुम्ही पुण्याच्या का ताई?"

"माहेर पुण्याचं. सदाशिव पेठ. आता तीस वर्षं झाली दिल्लीत."

"मग ओळखते की. सदाशिवातल्या लोकांनी आमच्या आळीतनं जन्मभर भांडी नेली, पण चहाला कधी कुणी टेकलं नाही."

"अगं, आल्या आल्या काय!" शांतारामभाऊ म्हणाले.

"मस्करी केली. ताईंना कळते मस्करी. तुम्हालाच ऐकू येत नाही, निम्मी सुटते."

ऑफिसच्या मागच्या आवारात, कडुनिंबाखाली, त्यांनी बस्तान मांडलं. लाकडाच्या ओंडक्यात लोखंडी खूट ठोकला. नवं घंगाळ त्यावर पालथं घातलं. शांतारामभाऊ एका बाजूला पाटावर बसले आणि हौसाबाई समोर. मग ठोका सुरू झाला.

पहिल्या दिवशी मी नुसतं उभं राहून पाहिलं. हातोडा शांतारामभाऊंचा. तो एकाच जागी वर-खाली व्हायचा, घड्याळाच्या लंबकासारखा. इकडे नाही, तिकडे नाही. फिरायचं ते भांडं. हौसाबाईंचे दोन्ही तळवे काठाला लागलेले असायचे आणि दोन ठोक्यांच्या मधल्या निमिषात त्या भांडं डाळीच्या दाण्याएवढं पुढे सरकवायच्या. भांड्याकडे त्या बघतही नव्हत्या. आमच्या शिपायाला मोडक्या हिंदीत भाकरीचं पीठ दिल्लीत कुठे मिळेल ते विचारत होत्या, झाडावरच्या खारीकडे बघत होत्या, आणि ठसे ओळीत पडत होते.

"कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"सासूनं. चौदाव्या वर्षी आले मी ह्यांच्या घरी. सासू मामंजींचं भांडं फिरवायची. मला मागं बसवलं, माझे हात तिच्या हातांवर ठेवले. दोन महिने असंच. मग एक दिवस म्हणाली, आता तू बस, मी भात टाकते."

"आणि हातोडा?"

त्या दचकल्याच. "छे छे, बाईमाणसानं हातोड्याला हात लावायचा नाही आमच्यात. ओलांडायचासुद्धा नाही. मी काय, नुसती फिरवते."

दुपारी डबा घेऊन मी त्यांच्यात जाऊन बसायला लागले. का, ते सांगता येणार नाही. चव कशाचीच लागत नव्हती, पण त्यांचं बोलणं कानावर पडत राहायचं. प्रदर्शनातल्या फलकासाठी भाटियासाहेबांना शांतारामभाऊंच्या घराण्याची हकिगत हवी होती. मी वही काढली.

"पेशव्यांनी आमची घरं कोकणातनं आणून वसवली, असं आजा सांगायचा," शांतारामभाऊ म्हणाले. "तोफांची कामं केली म्हणे आमच्या लोकांनी. मग इंग्रज आले, तोफा गेल्या. मग हंडे, बंब, घंगाळं. लग्न म्हटलं की आमच्याकडे यायलाच लागायचं. आता गीझर आले. लग्नात मिक्सर देतात."

"तोफा कुणी बघितल्यात?" हौसाबाई म्हणाल्या. "बंब मात्र मी स्वतः चिंचेनं घासलेत, पाचशे तरी असतील. ते लिहा."

"ते कशाला लिहितील?"

"मग तोफा तरी कशाला? तुम्ही होतात का तिथं, वाती लावायला?"

शांतारामभाऊ हसले. मग एकदम गंभीर होऊन माझ्याकडे वळले. "ताई, एक सांगतो. आळीत पूर्वी सकाळी शेजाऱ्याचं बोललेलं ऐकू यायचं नाही, इतका ठोक्यांचा आवाज. आता सहा घरं राहिली. मुलगा शंभू भोसरीला कारखान्यात आहे. तो म्हणतो, बाबा, बंद करा. मी त्याला शब्द दिलाय. दिल्लीचा मान मिळाला तर मरेपर्यंत ठोकीन, तू मधे बोलायचं नाही. नाही मिळाला तर दिवाळीनंतर भट्टी विझवीन, मी मधे बोलणार नाही."

"आणि तुम्ही काय म्हणालात?" मी हौसाबाईंना विचारलं.

"मला कोण विचारतं? पण भट्टी विझली तर हे माणूस घरात बसून काय करणार? माझ्या स्वयंपाकात चुका काढणार. ते नको बाई." आणि थोड्या वेळानं, भाकरीचा तुकडा मोडता मोडता, "ह्यांना मिळू दे. मिळालंच पाहिजे," असं म्हणाल्या.

समिती दुसऱ्या आठवड्यात मंगळवारी आली. तिघे जण होते. त्यांतले एक वयस्कर प्राध्यापक कडुनिंबाखाली खूप वेळ थांबले. बाकीचे दोघे पुढे निघून गेले तरी ते हलले नाहीत. मग त्यांनी मला बोलावलं.

"इनसे पूछिए, यह काम ये अकेले करते हैं?"

मी मराठीत विचारलं. शांतारामभाऊंनी हातोडा खाली ठेवला. त्यांना फार आनंद झाल्यासारखा दिसला. जणू आल्यापासून कुणीतरी हेच विचारावं, अशी वाट बघत होते.

"सांगा त्यांना. ठोका माझा, जागा हिची. हातोड्याला अक्कल नसते. तो कुठं पडायचा, ते ही ठरवते. छत्तीस वर्षं झाली."

"काहीतरीच," हौसाबाई पुटपुटल्या आणि पदर सारखा केला.

मी जसंच्या तसं हिंदीत सांगितलं. प्राध्यापकांनी मान डोलावली, हात जोडले आणि वहीत काहीतरी लिहिलं.

दुपारी भाटियासाहेबांनी बोलावलं. समोर फाईल उघडी होती. प्राध्यापकांनी शेरा मारला होता: ही वस्तू दोघांची कृती दिसते. खाली त्यांची सही.

"तारीफ़ कर रहे थे बेचारे," भाटियासाहेब कपाळ चोळत म्हणाले. "पर तारीफ़ ज़ुबान से करो ना, कलम से क्यों? नियम में लिखा है, शिल्पी स्वयं और अकेला. अब ऑडिट वाला पूछेगा."

"दोघांच्या नावानं अर्ज करता येईल का?" मी हिंदीत विचारलं.

"फ़ॉर्म में खाना एक है, आगाशी जी. दो नाम लिखूँ कहाँ, मेरे माथे पर?" मग त्यांचा चेहरा उजळला. "एफ़िडेविट! बिल्कुल. एक एफ़िडेविट लगा दीजिए कि अकेले बनाया. फ़ाइल बंद, आदमी को इनाम. आपको तो आता है ये सब."

मला येत होतंच. अर्ध्या तासात मी मजकूर टाईप करून घेतला. त्या वर्षी ते माझं अकरावं की बारावं प्रतिज्ञापत्र असेल. आदल्याच महिन्यात मी एका मुद्रांकावर लिहून दिलं होतं की मी श्यामकांत आगाशे यांची पत्नी होते. ते वाचतानासुद्धा मला काही झालं नव्हतं, तर हे दुसऱ्याच्या घंगाळाबद्दलचं होतं.

कागद घेऊन मी झाडाखाली गेले आणि काय करायचं ते सांगितलं. शांतारामभाऊ ऐकत होते. त्यांना वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं. दुसऱ्यांदा ऐकल्यावर म्हणाले, "नाही."

"अहो, नुसता नियमाचा भाग आहे."

"ताई, मी आजच त्या म्हाताऱ्या साहेबाला तोंडानं सांगितलंय. आता उलट लिहून देऊ? नाही दिलं तर काय होईल?"

"ह्या वर्षी मिळणार नाही. बहुतेक पुढंही नाही. शेरा फाईलमध्ये राहतो."

"मग नको. दिवाळीनंतर विझवतो भट्टी. शब्द दिलाय."

 हौसाबाई उठून आल्या. "वेडेपणा करू नका. लिहून द्या."

"अगं, काय लिहून द्या? तू बसलेली सगळ्यांनी बघितलंय."

"मग? मी काय हातोडा उचलते? ज्याचा हातोडा त्याचं भांडं. तुमच्या बापाच्या भांड्याला कुणी सासूबाईंचं भांडं म्हटलं का कधी? खोटं काय आहे त्यात? ताई, तुम्ही वाचा. काय लिहिलंय ते ऐकू दे."

मी हिंदी मजकूर मराठी करून वाचला. "सदर घंगाळ मी एकट्याने, स्वतःच्या हाताने, अन्य कोणाच्याही साहाय्याविना घडवले आहे. या कामात दुसऱ्या कोणाचाही हात नाही. हे खोटे आढळल्यास मी शिक्षेस पात्र राहीन."

"दुसऱ्या कोणाचाही म्हणजे मी?"

"हो."

"आणि शिक्षा म्हणजे?"

"तशी भाषा असते सगळ्याच कागदांना."

त्यांनी कागद हातात घेऊन वरखाली बघितला. वाचता फारसं येत नव्हतं त्यांना, चौथीपर्यंत शाळा. मग म्हणाल्या, "बरं. करा सही."

शांतारामभाऊंनी सही केली. बायकोकडे न बघता केली. खाली दोन साक्षीदार लागत होते. एक मी होते. दुसरं आसपास कुणी नव्हतं. शिपाई चहा आणायला गेला होता आणि नोटरी पाच वाजता उठायचा. मी पेन हौसाबाईंपुढे धरलं.

"इथं तुमचं नाव लिहा. साक्षीदार म्हणून."

"कशाची साक्ष?"

"की हे खरं आहे."

त्यांनी पेन धरलं. एकेक अक्षर काढत 'हौसाबाई शांताराम कडू' असं लिहिलं. ओळ जरा वर चढली होती. मी शाई वाळण्यासाठी कागदावर फुंकर मारली आणि नोटरीकडे गेले. त्यानं मला बघून पॅड उघडला.

ऑक्टोबरमध्ये निकाल लागला आणि शांतारामभाऊंना पुरस्कार मिळाला. डिसेंबरमध्ये गुडगावच्या त्या इमारतीत प्रदर्शनाचं उद्‌घाटन होतं. दोघं पुन्हा आले, ह्या वेळी दोघांनाही पास होता, पाहुणे म्हणून. ऑफिसच्या गाडीतून आम्ही तिघं निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोहरीची शेतं होती आणि शेतांमध्येच सिमेंटचे उघडे सांगाडे उभे होते. शांतारामभाऊंनी नवा कोट घातला होता. हौसाबाई खिडकीतून बघत म्हणाल्या, "इथं राहणार कोण एवढं?"

हॉल गुळगुळीत दगडाचा होता, चालताना घसरायला व्हायचं. एका बाजूला आसामची टोपली, काश्मीरची शाल, आणि मध्यभागी काचेच्या पेटीत घंगाळ, वर दिवा सोडलेला. शेजारच्या फलकावर हिंदीत आणि इंग्रजीत शांताराम कडू यांचं नाव, तोफांची हकिगत आणि शेवटी ठळक अक्षरांत: एकल शिल्पी. भाटियासाहेबांचं भाषण झालं. राजे आले, राजे गेले. टाळ्या पडल्या. मग ते म्हणाले की आता शिल्पी स्वतः काम करून दाखवतील.

हे आम्हाला कुणी आधी सांगितलं नव्हतं. ओंडका, खूट, अर्धवट भांडं सगळं भाटियासाहेबांनी हौसेनं मांडून ठेवलं होतं. शांतारामभाऊ कोट काढून बसले. डाव्या हातानं भांडं धरलं आणि उजव्यानं ठोका दिला. भांडं त्यांनी स्वतःच सरकवलं. पुन्हा ठोका. पहिला फेरा जमला. दुसऱ्या फेऱ्यात एक ठसा वर चढला, पुढचा त्याच्या अंगावर पडला. मोठं भांडं एका हातानं पेलून डाळीएवढं सरकवणं माणसाला जमत नाही. पाहुण्यांना काहीच कळलं नाही. त्यांना आवाज आवडला होता, ते माना डोलावत होते.

शांतारामभाऊंनी मान वर केली. हौसाबाई माझ्या शेजारी, दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या.

"अगं, ये ना," ते म्हणाले, नेहमीसारखं, घरात म्हणावं तसं.

हौसाबाईंनी मान हलवली.

"ये की!"

"नाही," त्या बसूनच म्हणाल्या. मग माझ्या कानाशी वाकल्या.  "ताई, एवढी मोठी माणसं बसलीत. मी हात लावला तर कागद खोटा पडेल. माझीच साक्ष आहे. ह्यांना धरतील ना?"

मला माहीत होतं की ती फाईल नाडीनं बांधून कपाटात गेली आहे आणि तिचं कुणी नावही काढणार नाही. जाऊन बसा, कुणाला काही पडलेलं नाही, एवढं म्हणायचं होतं. जिभेला कष्ट नव्हते. मी म्हणाले, "बसा. संपतच आलंय."

शांतारामभाऊ आणखी पाचसात मिनिटं ठोकत राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. परतताना गाडीत मी डोळे मिटून घेतले.

त्याच महिन्यात फ्लॅटचा ताबा मिळाला. आम्ही नोएडाला राहायला गेलो. फेब्रुवारीत ऑफिसच्या पत्त्यावर पुण्याहून पत्र आलं. शांतारामभाऊंनी कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं.

'श्रीमती मीनाक्षीताई आगाशे यांस, सा. न. वि. वि. आपल्या कृपेने मान मिळाला. आळीने सत्कार केला. शंभूने शब्द पाळला, तो काही बोलत नाही. परंतु दिल्लीहून आल्यापासून घरात एक अडचण आहे. ही भांड्यासमोर बसत नाही. म्हणते, सरकारला लिहून दिले आहे, कोणी बघितले तर तुमचा मान काढून घेतील, वर शिक्षा होईल. मी समजावले, शंभूने समजावले, ऐकत नाही. दोन घंगाळांचे काम अंगावर आहे. शेजारच्याचा माणूस बसवून पाहिला, जमत नाही. कागद आपण केला आहे, तेव्हा ती आपलेच ऐकेल. आपण तिच्या नावाने दोन ओळी लिहाव्यात, ही विनंती.'

मी पत्र दोनदा वाचलं. उत्तराला एक आंतर्देशीय पुरलं असतं. 'हौसाबाई, तो कागद कुणी वाचत नाही, खुशाल बसा', बस, एवढंच. मी पत्र पर्समध्ये ठेवलं. घरी खोकी उघडायची होती, गॅसचं कनेक्शन बदलायचं होतं. नंतर पत्र स्वयंपाकघरातल्या खणात गेलं. खण उघडला की दिसायचं. मी बाजूला सारून चमचे काढायचे. जूनमध्ये दुसरं पत्र आलं, पहिल्यापेक्षा लहान. त्यालाही मी उत्तर दिलं नाही. तिसरं आलं नाही.

लोकांना हे पटत नाही. काही कारण असेल म्हणतात. कारण नव्हतं. मला ती दोघं आवडत होती. मी नुसतं लिहिलं नाही.

१९९९च्या मे महिन्यात भाचीच्या लग्नासाठी पुण्याला गेले, तेव्हा एक दिवस दुपारी रिक्षा करून तांबट आळीत गेले. दोन-तीन घरांतून ठोके येत होते. शांतारामभाऊंचं घर शोधायला वेळ लागला नाही, दारावर पुरस्काराची चौकट लावलेली होती. ते ओट्यावर बसून फुलपात्रं करत होते. फुलपात्र एका हातात मावतं. त्यांनी मला ओळखलं, पण ऐकू आता जवळजवळ येत नव्हतं. हसले आणि आत हाक मारली.

हौसाबाईंनी चहा टाकला. म्हणाल्या, "सदाशिवातलं कुणीतरी टेकलं म्हणायचं." आम्ही लग्नाचं, उन्हाळ्याचं, शंभूच्या मुलीचं बोललो. घंगाळाचं काम पाच वर्षांत एकही झालं नव्हतं. आता शांतारामभाऊंचा खांदाही गेला होता.

मी कप खाली ठेवला. "हौसाबाई, तो कागद... तो नुसता कागद होता. कुणी कधी बघितलाही नसता. तुम्ही बसला असतात तरी काही झालं नसतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"हे तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं?"

"हो."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत, ताई?"

बाहेर फुलपात्रावर ठोके पडत होते.   त्यांनी कप उचलले आणि मोरीत नेऊन विसळले. निघताना त्यांनी मला कुंकू लावलं नाही, विधवा म्हणून, पण एक फुलपात्र कागदात गुंडाळून हातात दिलं.

भाटियासाहेब २००१ मध्ये निवृत्त झाले आणि दिल्लीतल्याच द्वारकेच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. वारले तेव्हा वर्तमानपत्रात चार ओळी आल्या होत्या, त्यात त्या प्रदर्शनाचा उल्लेख होता. ते प्राध्यापक त्यांच्याही आधी गेले. काचेची इमारत दोनदा विकली गेली. घंगाळ कुठे आहे ते कुणाला माहीत नाही, मी दोनदा चौकशी केली. अर्पिता गुरुग्रामलाच एकविसाव्या मजल्यावर राहते, नवऱ्याशी हिंदीत बोलते, माझ्याशी मराठीत. मी ब्याऐंशी वर्षांची आहे आणि नोएडात एकटी राहते. पुढे हळूहळू मला चव लागायला लागली, वासही यायला लागले. कधीपासून, ते लक्षात राहिलं नाही.

शांतारामभाऊ २००३ मध्ये वारले. शंभूनं दुकानाची जागा एका चपलांच्या व्यापाऱ्याला दिली आणि आईला भोसरीला नेलं. तो आता निवृत्त आहे.

हौसाबाई २०११ च्या पावसाळ्यात गेल्या. मला ते चार महिन्यांनी कळलं, मी सहज फोन केला तेव्हा. शंभू म्हणाला, फार त्रास झाला नाही, दोन दिवस ताप आला होता. फोन ठेवायच्या आधी त्यानं विचारलं, "म्हणजे दिल्लीच्या त्या आगाशेबाई तुम्हीच ना? आई तुमचं नाव काढायची."

काय म्हणायची, ते मी विचारलं नाही.